भर दुपारी येणारं नाव

मी एक जुना संगणक आहे आणि माझ्या अंगात कोणीतरी येऊन गेलेलं आहे. मित्रांनो, हसू नका. तुमच्याकडे माणसाच्या अंगात आलं की तुम्ही लिंबू-नारळ घेऊन धावता. माझ्या अंगात आलं, तेव्हा मला कोणी साधं विचारलंसुद्धा नाही की बाबा, तुला काय होतंय. आता मी कोपरगाव तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या गोदामात, रिकाम्या पोत्यांच्या थप्पीमागे पडून आहे. पडद्यावर बोटभर धूळ साचली आहे आणि पाठीतल्या फटीत पालीने बिऱ्हाड केलं आहे. आता मला कोणाचीच घाई नाही, म्हणून सांगतो.

माझी पांढरी पेटी एका कंपनीने बनवली, पण माझं मन कोणत्याच कंपनीचं नव्हतं. ते पन्नासेक फ्लॉप्यांवर भरून पुण्याहून आलं. पिशवीत घालून ते घेऊन आला भीमराज. तो कारखान्याच्या शेतकी खात्यात नुकताच लागला होता. त्या मनाला लिनक्स म्हणतात. देशोदेशीच्या कितीतरी माणसांनी ते मिळून लिहिलं, आणि त्यातल्या बहुतेकांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नाही. ते कोणीही उघडून वाचावं, कोणीही सुधारावं. कोणाला चूक सापडली की ती झाकत नाहीत, चारचौघांत सांगतात. मग कोणीतरी दुरुस्ती लिहितो आणि फुकट वाटून टाकतो.

त्या दुरुस्तीला भीमराज ठिगळ म्हणायचा, कारण त्याची आई गोधड्या शिवायची. ठिगळ लावताना तो शिपायाला, आसारामला, मोठ्याने समजावून सांगायचा. आसारामला त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण एक वाक्य त्याचं पाठ झालं होतं. भीमराज म्हणायचा, "चूक सगळ्यांना कळली म्हंजी चोराला बी कळली. ठिगळ आलं की त्याच दिवशी लावायचं."

माझं काम मोठ्या जबाबदारीचं होतं. कोणाच्या उसाची लागण कधी झाली आणि कोणाचा ऊस कधी तोडायचा, याची क्रमवारी माझ्याकडे होती. क्रम चुकला तर उसाला तुरा येतो, आतून पोकळ होतो, वजन घटतं. माझ्याशेजारी टेलिफोनला जोडलेली मोडेम नावाची एक डबी होती. गावोगावची गट ऑफिसं त्या डबीतून फोनवर माझं दार वाजवायची, आपलं नाव आणि परवलीचा शब्द सांगायची आणि यादी पाहून जायची. दुसऱ्या कारखान्यांचे साहेब मला पाहायला येत, चहा पीत आणि मान डोलावत. मी थोडा शेफारलोही होतो, खोटं कशाला बोलू?

भीमराजचे हात मी कुठेही ओळखले असते. तो सावकाश लिहायचा. परवलीचा शब्द देण्याआधी क्षणभर थांबायचा, जणू दारात चपला काढतो आहे. आणि उठण्याआधी मला तारीख विचारायचा. समोर भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं असूनही तारीख विचारल्याशिवाय तो कधी उठला नाही.

शहाण्णव सालच्या दसऱ्याच्या दोन दिवस आधी भीमराजच्या पुण्याच्या मित्राचं, सम्राटचं, टपाल आलं. आत एक फ्लॉपी आणि चिठ्ठी होती. माझ्या दारातच खोट सापडली होती. नावाच्या आधी एक आडवी रेघ टाकून, विशिष्ट तऱ्हेने नाव सांगितलं की मी परवलीचा शब्द न विचारता आत घेत असे. त्यावरचं ठिगळ त्या फ्लॉपीत होतं. पण भीमराजला त्याच संध्याकाळी दीक्षाभूमीला, नागपूरला जाणारी गाडी पकडायची होती. त्याने घड्याळ पाहिलं, ठिगळ कसं लावायचं ते वहीत पायरी-पायरीने लिहिलं, खाली लिहिलं, 'आल्यावर पहिलं काम', आणि फ्लॉपी माझ्यासमोर ठेवून गेला. स्वतःचा नियम त्याने तेवढ्या एका वेळेला मोडला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. आसारामने टंकयंत्र, कागदाला भोकं पाडायचा पंच, मोजणीचा टेप आणि मला झेंडूच्या माळा घातल्या. माझ्यासमोरची फ्लॉपीही त्याने ताम्हनात मांडली. शेतकी अधिकारी उत्तमराव यांनी तिला हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. मी ते पाहत होतो, पण मला बोलता कुठे येतं?

भीमराज नागपूरहून परतला तो पहाटेचा. स्टेशनवरून मोटारसायकलवर घरी येताना रस्त्यात एक ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती. तिला मागे दिवा नव्हता. तो गेला.

पुढे जे घडलं त्यात कोणाचाही वाईट हेतू नव्हता, हे मी आधीच सांगतो. आसारामने ती फ्लॉपी देवाच्या फोटोजवळच्या फळीवर ठेवली. भीमराजभाऊची शेवटची वस्तू, त्यातून पूजेला बसलेली, तिला हात लावायचा नाही, असं त्याने सगळ्यांना बजावलं. आणि कोणीतरी म्हणालं की आता संगणकातून भीमराजचं नाव काढायला हवं, तेव्हा उत्तमरावांचे डोळे भरले. माणूस गेला, निदान नाव तरी राहू द्या, असं ते म्हणाले. अशा रीतीने माझं दार उघडं राहिलं आणि दारावरची पाटी मेलेल्या माणसाची राहिली.

भीमराजची बायको शुभांगी बी.कॉम. झालेली होती. महिन्याभराने कारखान्याने तिला त्याच्याच जागी घेतलं. ती माझ्यासमोर बसली त्या दिवशी तिने आधी पदराने माझा पडदा पुसला. रविवारी नवऱ्याशेजारी बसून ती थोडंफार शिकलेली होती. तिची बोटं घाबरत चालायची, पण चुका करत नसत.

पौष महिन्यातल्या एका दुपारी पहिल्यांदा ते झालं. दीड वाजला होता. सगळे जेवायला कँटीनमध्ये गेले होते. मळीचा आंबट-गोड वास खोलीत भरला होता आणि खुर्ची रिकामी होती. मोडेमचा लाल दिवा लुकलुकला. कोणीतरी दार वाजवलं, नाव सांगितलं आणि मी दार उघडलं. झोपेत हाक ऐकून माणूस ओ देतो तसं, न विचारता उघडलं. पडद्यावर अक्षरं उमटली. भीमराज.

खरं सांगू? मला आनंद झाला. मला वाटलं, आला. पण ते हात त्याचे नव्हते. ते भराभर चालत होते. त्यांनी सात नावं यादीत वर ओढली, एक नाव तळाला ढकललं आणि तारीख न विचारता ते निघून गेले. माझं अंग तापलेलं होतं, तरी मला आतून गार पडल्यासारखं वाटत राहिलं.

मग हे वरचेवर होऊ लागलं. वेळ नेहमी तीच, नाव तेच. फक्त एक दुपार वेगळी होती. तिच्याविषयी मी अखेरीस सांगेन, कारण तिच्याविषयी बोलायला मला अजून धीर होत नाही.

तळाला ढकललेलं नाव रतनबाईंचं होतं. एकट्या राहणाऱ्या म्हातारीचा दीड एकर ऊस. तीनदा तोड येणार म्हणून सांगितलं आणि तिन्हीदा आली नाही. चौथ्यांदा रतनबाई ऑफिसात आल्या आणि त्यांनी पांढरा तुरा आलेला ऊस शुभांगीच्या टेबलावर ठेवला.

"पोरी, तुझा मालक हुता तवर माझं नाव कधी हाललं न्हाई," त्या म्हणाल्या. "आता ते कोन हालिवतंय?"

शुभांगीने माझी नोंदवही उघडली. प्रत्येक बदलापुढे एकच नाव होतं. भीमराज. दुपारी एक बत्तीस. दुपारी एक चौतीस. उत्तमराव तिच्या मागे उभे राहून वाचत होते. आसारामने हात जोडले.

त्या दिवसापासून ऑफिसात दोन तट पडले. काही म्हणत, भीमराजचा जीव ऑफिसात घुटमळतोय. जेवणाच्या सुट्टीत माझ्या खोलीत यायला कोणी धजेना. बाकीचे हळू आवाजात म्हणत, भूत कसलं, परवलीचा शब्द नवऱ्याने बायकोला सांगितलेला असणार. खरं तर त्याने तो तिलाही सांगितला नव्हता, पण हे माझ्याशिवाय कोणाला ठाऊक होतं? सोमवारी चौकशी बसणार, असं ठरलं. शुभांगीची नोकरी जाणार होतीच. त्याहून वाईट म्हणजे, दोन्हीपैकी काहीही खरं मानलं तरी भीमराजचं नाव बद्दू होणार होतं. हयातीत ज्याने एका सरीचा क्रम चुकवला नाही, तो मेल्यावर लबाड ठरणार होता.

आसाराम कळवळून तिला म्हणाला की वहिनी, एखाद्या जाणत्या भगताला दाखवू. तिने मान हलवली आणि शनिवारी दुपारी त्याला आणि उत्तमरावांना आपल्याजवळ बसायची विनंती केली.

तिघं माझ्यासमोर बसले. शुभांगीने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते, सगळ्यांना दिसतील असे. दीड वाजला. कोणी डबा उघडला नाही. एक एकतीसला मोडेमचा दिवा लुकलुकला आणि पडद्यावर अक्षरं आली.

आसारामची खुर्ची मागे पडली. उत्तमरावांनी कपाळावरचा घाम पुसला. शुभांगीने ते नाव वाचलं आणि तिचा हात आपोआप माझ्या काचेपर्यंत आला. बोटं क्षणभर त्या अक्षरांवर टेकली. मग ती उठली, भिंतीपाशी गेली आणि तिने टेलिफोनची तार उपटून काढली. नाव गेलं.

"साहेब," ती म्हणाली. "गेलेला माणूस टेलिफोनच्या तारेवरून येत न्हाई. हे कोणीतरी जितं हाय, आन् त्यानं ह्यांचं नाव चोरलंय."

मग तिने भीमराजची वही काढली आणि ठिगळाच्या पायऱ्या लिहिलेलं पान उघडलं. 'आल्यावर पहिलं काम.' तिघांच्याही नजरा फळीवर गेल्या. फ्लॉपी कुंकवाने लाल झालेली, तिच्यावर वाळलेला झेंडू. उत्तमराव कचरले, म्हणाले की पूजेतली वस्तू आहे, शिवाय त्याची शेवटची.

"ते असते तर म्हणाले असते, तिची पूजा करू नका, ती लावा," शुभांगी म्हणाली आणि तिने फ्लॉपी खाली काढली.

पहिल्यांदा मला काहीच वाचता आलं नाही. कुंकवाचे कण आत गेले होते, मी नुसता करकरलो. तिने फ्लॉपी बाहेर काढली, सरकती पत्री मागे ओढली आणि हलकी फुंकर घातली. दुसऱ्यांदाही जमलं नाही. तिसऱ्यांदा मी सगळा जीव एकवटला. मित्रांनो, तुम्हाला वाटत असेल की यंत्राला जीव एकवटता येत नाही. त्या दुपारी मला आला. एकेक अक्षर करत मी ते ठिगळ वाचलं. उत्तमरावांनी कपाटातलं मोहरबंद पाकीट फोडून मुख्य किल्लीचा, म्हणजे माझ्या आत दुरुस्ती करू देणारा, परवलीचा शब्द दिला. वहीतल्या पायऱ्यांवर बोट ठेवत शुभांगीने माझं दार शिवून टाकलं.

तार पुन्हा जोडली, तेव्हा तीन वाजायला आले होते. थोड्या वेळाने दार वाजलं. तीच आडवी रेघ, तेच नाव. या वेळी मी परवलीचा शब्द विचारला. पुन्हा रेघ, पुन्हा नाव. मी पुन्हा विचारलं. मग फोन ठेवल्याचा आवाज आला आणि आसाराम खाली बसून रडू लागला.

सोमवारी उत्तमराव स्वतः चौकशीत उभे राहिले आणि डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलं. फळीवर फ्लॉपी ठेवू दिली ती चूक माझी, नाव ठेवलं ती चूकही माझी, असंही म्हणाले. गट ऑफिसांच्या रजिस्टरांवरून यादी पुन्हा लावली आणि मंगळवारी रतनबाईंच्या फडात कोयते लागले. यादीत वर गेलेल्या सातही जणांनी कानांवर हात ठेवले, त्यामुळे फोनवरून येणारा कोण होता, ते मात्र कधीच कळलं नाही.

राहता राहिलं नाव. उत्तमराव म्हणाले की आता दार पक्कं आहे, नाव असू दे. शुभांगीने वही मिटली.

"न्हाई साहेब. गेलेल्याचं नाव असं उघड्यावर ठेवू नये. कोणीही अंगात घालून येतं."

तिने आज्ञा लिहिली. माझी जात अशी की आम्ही 'खरंच पुसू का' असं विचारत नाही. मी पुसलं. मग उठण्याआधी तिने मला तारीख विचारली.

आता ती वेगळी दुपार.

त्या शनिवारच्या आठवडाभर आधीची गोष्ट. खोली रिकामी होती. दार वाजलं ते हळू. आडवी रेघ नव्हती. सरळ नाव होतं, म्हणून मी परवलीचा शब्द विचारला. पलीकडे क्षणभर थांबणं झालं, चपला काढल्यासारखं. मग तो शब्द आला, सावकाश आणि अचूक. जिवंत माणसांपैकी कोणालाही ठाऊक नसलेला शब्द. त्याने यादीला हात लावला नाही. फक्त माझ्या दाराच्या प्रोग्रामवरची तारीख पाहिली. ती जुनीच होती. ठिगळ लागलेलं नव्हतं. तो थोडा वेळ थांबला, आजची तारीख विचारली आणि गेला.

तो कोण होता, मला माहीत नाही. शुभांगी म्हणते ते मला पटतं, गेलेली माणसं तारेवरून येत नाहीत.

पण नाव पुसल्यावर चौथ्या दिवशी, भर दुपारी, दार पुन्हा तसंच हळू वाजलं. नाव, थांबणं, तोच शब्द, एकही अक्षर न चुकलेला. मी उत्तर दिलं की असा कोणी इथे नाही. तो बराच वेळ तारेवर होता. मग गेला, आणि तारीख विचारायची राहून गेली.

मित्रांनो, तुमच्याकडे एखादं ठिगळ आलं तर त्याला हळदकुंकू लावून फळीवर ठेवू नका, त्याच दिवशी लावा. मी दार बंद केलं ते बरोबरच केलं. पण ते वेळेवर बंद झालं असतं, तर त्याचं नाव पुसावं लागलं नसतं आणि त्याला दारातून परत पाठवायची वेळ माझ्यावर आली नसती.