पाच लाखांचं घर

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पण बाप मृत्युपत्र न करता गेला की शहाण्यालाही ती चढावी लागते, आणि भैयाजी तर स्वतःला नागपूरच्या अख्ख्या इतवारी बाजारात शहाणे समजत.

वडिलांच्या धरमपेठेतल्या बैठ्या घराला सव्वा कोटीचं गिऱ्हाईक तयार होतं. फक्त त्याच्या बँकेने वारसांच्या नावाचा कोर्टाचा कागद मागितला. त्या कागदाची फी मालमत्तेच्या किमतीवर बसते हे वकील ओमप्रकाशजींनी सांगितलं आणि भैयाजींचं डोकं फिरलं.

"घर माह्या बापाचं, मग सरकारले फी काहून?"

"हे मले नका विचारू, कायद्याले विचारा," वकील म्हणाले.

फीपेक्षा हेलपाटे जास्त जिवावर आले. आज अर्जाला कोर्टाचं तिकीट कमी लागलं, उद्या घराच्या नकाशाची प्रत हवी, परवा न्यायाधीशच रजेवर. तिकडे दिवस सरत होते. चाळीस वर्षं ज्या मालकाच्या गादीवर बसून भैयाजींनी कापड फाडलं, तो दुकान विकून मुलाकडे निघाला होता. घराचा सगळा पैसा हाती आला तर दुकान भैयाजींचं होणार होतं. आयुष्यात एवढी एकच गोष्ट त्यांना मनापासून हवी होती.

वैतागाच्या भरात त्यांनी तोड काढली. "घराची किंमत पाच लाख लिहा. फी पार खाली येते."

"पाच लाखात धरमपेठेत मोटार उभी करायले जागा नाही भेटत, भैयाजी."

"लिहा म्हणतो ना!"

"लिहितो बाप्पा. शपथेवर सही तुमची आहे, माही नाही."

दुसरी वारस म्हणजे धाकटी बहीण सुभद्रा, भिवापूरला दिलेली. तिला भैयाजींनी फोनवर सांगून ठेवलं होतं की घर गळतं, टॅक्स थकलाय, त्यात काही राम नाही. हक्कसोडपत्रावर सही कर, साडीचोळी करतो. सुभद्रा लगेच हो म्हणाली. सकाळच्या एसटीने आली, भावासाठी मिरच्यांची पिशवी घेऊन.

पण सही घेण्याआधी कागद मोठ्याने वाचून दाखवायची ओमप्रकाशजींची रीत होती. भैयाजींना ती ठाऊक होती, पण फीच्या नादात ध्यानात राहिली नाही. ह्यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

"...सदर घराची आजची किंमत रुपये पाच लाख," वकिलांनी वाचलं.

सुभद्राने पेन खाली ठेवला. "पाचच लाख? मग दादा, विकून काहून राहिला? तुहे अडीच लाख मी देतो. बाबाचं घर घरातच राहीन."

"तसं नाही होत वं."

"काहून नाही? आमची औंदाची मिरची चांगली गेली. घरधन्याले विचारायचीबी गरज नाही. उद्याच पैसे आणतो."

"अवं, तुले समजत नाही!"

"काय नाही समजत? कागदावर लिहिलं आहे ना?"

दोन महिन्यांचा सगळा वैताग भैयाजींच्या तोंडून एकदम बाहेर पडला. "सव्वा कोटीचं गिऱ्हाईक उभं आहे, अन् हे अडीच लाख घेऊन बसली!"

वकील चष्मा काढून पुसत बसले. आपण काय बोललो हे भैयाजींच्या ध्यानात आलं, तेव्हा कानापर्यंत लाज चढली. आता फी पूर्ण भरावी लागणार, शिवाय अर्ध्या पैशात दुकान कोण देतो? संताप आला, पण तो काढायचा कोणावर?

"सुभद्रे, मले दुकान घ्यायचं होतं," ते कसेबसे म्हणाले. "चाळीस वर्षं झाली वं."

सुभद्राचे डोळे भरून आले. पण हक्कसोडपत्र तिने सही न करताच वकिलांकडे सरकवलं.

"हेच फोनवर सांगतलं असतं ना दादा, त मी डोळे मिटून सही केली असती."