तेरावी ओळ

मी एक यादी आहे. आरोग्य शिक्षिकेला काय काय यायला हवं, ते माझ्यावर बारा ओळींत लिहिलंय. प्रत्येक ओळीपुढं खुणेसाठी एक चौकोन आहे.

माझा जन्म औरंगाबादचा, १९८६ सालचा. जालना रोडवरच्या एका प्रशिक्षण केंद्रात सायक्लोस्टाइलच्या यंत्रातून मी ओलीच बाहेर पडले. त्रिंबकराव नावाचे प्रशिक्षक मला पुठ्ठ्याला लावून वस्तीवर नेत. शिक्षिका बोलायची, ते मागं उभं राहून खुणा करायचे. आवाज सगळ्यांना पोचतो, चित्रं दाखवते, माहिती क्रमानं सांगते. असल्या माझ्या ओळी.

माझ्यावर नाव मनकर्णाबाईचं आहे. मेंढरं राखणाऱ्या घरातली, दहावी झालेली पहिलीच. मुकुंदवाडीत स्टेशनामागच्या वस्तीत तिनं जुलाबावरचं पाणी शिकवलं. लिटरभर पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. बायकांनी तिच्यामागून तीनदा म्हटलं. त्रिंबकरावांनी बाराच्या बारा खुणा केल्या आणि मला तिच्या हातात दिलं. तिनं माझी चौघडी करून पिशवीत ठेवली.

अकराव्या दिवशी त्याच वस्तीतली कस्तुराबाईची पोरगी गेली. सरू तिचं नाव. जुलाब लागले होते. डॉक्टर म्हणाले, रक्तात मीठ फार झालं होतं.

मनकर्णाबाई तिच्या घरी गेली, तेव्हा कस्तुराबाई भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती.

"बाई, तुमी सांगितलं तसंच केलं म्या."

मनकर्णाबाईनं विचारलं, कसं केलं ते दाखवता का. कस्तुराबाई उठली. चहाचा पेला घेतला, पाण्यानं भरला. सहा चमचे साखर टाकली, अर्धा चमचा मीठ टाकलं, ढवळलं. दिवसभर असे पेल्यावर पेले पाजले होते तिनं. लिटर म्हणजे केवढं, हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

मनकर्णाबाई कितीतरी वेळ त्या पेल्याकडं बघत राहिली. मग पाणी बाहेर ओतलं, पेला विसळून पालथा ठेवला आणि चिकलठाण्याला घरी गेली. रोजच्यासारख्या भाकरी केल्या. तिला काही वाटत नव्हतं, आणि काही वाटत नाही याचंही काही वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं मला त्रिंबकरावांपुढं ठेवलं.

"सर, बाराही खुणा खऱ्या हायेत. पोरगी गेली."

त्रिंबकराव म्हणाले, यादी वरून येते, आपल्याला बदलता येत नाही. तरी त्यांनी पत्र लिहिलं. पुढच्या सुधारणेच्या वेळी विचार होईल, असं उत्तर आलं. मनकर्णाबाई थांबली नाही. तिनं बॉलपेननं माझ्या तळाशी लिहिलं: आईच्या हातून करून घेते. तोवर स्वतः बोलत नाही. पुढं चौकोन काढला नाही.

तीन वर्षांनी कस्तुराबाईच्या धाकट्या मुलाला जुलाब लागले. ती स्वतः मनकर्णाबाईला बोलवायला आली.

"तुमी नुसतं बसा. म्या करते."

तिनं शेजारणीकडून लिटरचं माप आणलं. मनकर्णाबाई समोर मांडी घालून बसली, एक अक्षर बोलली नाही. पाणी बरोबर झालं. तिसऱ्या दिवशी मूल खेळायला लागलं.

नवी यादी यायला सहा वर्षं लागली. तिच्यात चौथी ओळ होती: शिकवलेले समजले आहे याची खात्री करते. मनकर्णाबाईनं ती वाचली, बरं झालं म्हणाली आणि कामाला लागली.

आता मी तिच्या पेटीत आहे. घडीवर फाटलेय, अक्षरं विरलीत. माझ्या जागी दोन-तीन याद्या येऊन गेल्या. हल्लीची मोबाइलवर असते, पण चौथी ओळ तीच राहिलीय. नव्या याद्या करणाऱ्यांना माझी एवढीच विनंती: आधी एखाद्या घरात जाऊन गप्प बसा, मग लिहा.

नव्या शिक्षिका कधी मनकर्णाबाईकडं येतात, यादी वाचून दाखवतात. चौथ्या ओळीपाशी ती हात वर करून थांबवते.

"ही सरूची," म्हणते. "आठ महिन्यांची होती. वाचा पुढं."