नळातली पाल

वारंगा फाट्याजवळच्या तांड्यावर रूपाबाईसारखं भरतकाम कुणालाच जमत नसे. आरसे, कवड्या, रंगीत दोरा हातात आला की बाई जेवण विसरायची. म्हणूनच नळयोजनेला वर्ष झालं तेव्हा सभापतींच्या सत्काराला तिच्या हातचा रुमाल द्यायचं ठरलं. तिच्या नवऱ्यानं, रतनसिंगानं, तिला न विचारताच होकार देऊन टाकला.

नळ दारोदार बसले होते. पाणी मात्र उद्घाटनाच्या दिवशी आलं, तेवढंच.

रूपाबाईनं रुमालावर नळ काढला. त्याच्या तोंडातून थेंबाऐवजी हिरवीगार पाल लोंबत होती. खाली रिकाम्या घागरी घेतलेल्या बाया, आणि मधोमध गळ्यात हार घातलेला, पोटावर मोठा आरसा लावलेला माणूस. तिची जाऊ मिना ते पाहून इतकी हसली की तिला ठसका लागला.

"अगं, बोलणी खाशील!"

"खाईन. पण पाल काहून काढली, हे तरी इचारतील."

सत्काराच्या दिवशी तिनंच तो रुमाल पुढे केला. सभापतींनी रुमाल उलगडला, आरशात स्वतःच्या मिशा पाहिल्या आणि खूश झाले. "वा! हा तर मीच!"

"साहेब, ती पाल हाय," रूपाबाई धीर करून बोलली. "नळाला पाणीच न्हाई येत."

"भारी विनोदी आहात बाई!" ते हसले. मांडव हसला. रतनसिंग सगळ्यांत मोठ्यानं हसला. "असे पंचवीस करा. बाहेरच्या पाहुण्यांना देऊ."

तिनं पुन्हा तोंड उघडलं, तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या.

मग रोज दुपारी दोघी जावा रुमालांवर नळ भरत बसल्या. रूपाबाईनं पाल मोठी मोठी करत नेली. दहाव्या रुमालावर शेपूट पार घागरीपर्यंत पोचलं. कुणी काही विचारलं नाही. मिनालाही आता हसू येईना.

पंचविसाव्याला रूपाबाईला पालीचा वीट आला. तिनं नळाखाली निळ्या दोऱ्यानं पाण्याची धार भरली. तेवढी एकच.

दोन दिवसांनी सभापतींचा माणूस तो रुमाल घेऊन परत आला.

"मावशी, हे चुकलं बघा. साहेबांना समदे एकसारखे पायजेत."

रूपाबाईनं रुमाल मांडीवर घेतला आणि निळा दोरा उसवायला लागली.