घर फिरवताना

आमच्या गल्लीत सध्या सगळे घरं फिरवताहेत. घर जागचं हलत नाही, फक्त त्याचं तोंड बदलतं. घरांच्या मागून कारखान्याची मालगाडी जायची, म्हणून तिकडे पाठ करूनच सगळी घरं बांधलेली. मग कारखाना बंद पडला, गाडी बंद झाली, रूळ उपटून नेले, भराव खणून काढला आणि तिथे रुंद डांबरी रस्ता झाला. आता गिऱ्हाईक सगळं तिकडूनच, पुढची गल्ली ओस पडलेली. त्यामुळे जो तो मागची भिंत फोडून दार काढतोय. शेजारच्या शिंप्याने जरा घाईच केली. त्याच्या दुकानात शिरलं की पहिली लागते ती मोरी. गिऱ्हाईक पाय धुऊनच माप द्यायला जातं, असं धाकटा म्हणतो.

धाकटा म्हणजे माझा भाऊ. कारखान्याबरोबर त्याची नोकरी गेली. त्याला नळाच्या सामानाचं दुकान टाकायचं होतं आणि त्यासाठी स्वयंपाकघराची खिडकी फोडून तिथे दार हवं होतं. आईने गवंड्याला दोनदा चहा पाजून परत पाठवलं होतं.

"ताई, तूच ये आणि समजाव," तो फोनवर म्हणाला. "दुकान नाही झालं तर मला दुसऱ्या शहरात जावं लागेल. मग हिच्याकडे बघणार कोण?"

माझी चिडचिड झाली. सगळी नावडती कामं बरी ताईच्या वाट्याला येतात! पण गेले.

त्या खिडकीचं प्रकरण मला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. बाबा त्या मालगाडीचे ड्रायव्हर. ते पहाटे निघायचे तेव्हा चूलसुद्धा पेटलेली नसायची. दुपारी गाडी घरामागून रेंगाळत जायची, आई खिडकीतून हात लांब करून डबा द्यायची आणि बाबा इंजिनातून वाकून तो घ्यायचे. त्यासाठी मधला गज काढून टाकलेला होता. एवढ्याशा कामासाठी आई काय नटायची! तोंड धुऊन, केस विंचरून, धुवट कपडे घालून उभी राहायची. आम्ही पोरं बाबांच्या देखत तिची चेष्टा करायचो.

बाबांनी मात्र त्यावर कधी चकार शब्द काढला नाही. आईचा तो जन्माचा सल. तिच्या हाताला जरा भाजलं, कापलं, की संध्याकाळी बाबांच्या खिशातून मलमाची डबी निघायची. "हात बरा दिसतो ह्यांना," आई फणकारायची, "तोंडाकडे बघायला काय डोळे फुटलेत?" बाबा हसून पेपरात डोकं घालायचे. ते जाऊन बरीच वर्षं झाली, पण आईचा राग गेला नाही आणि खिडकीही सुटली नाही. ज्याच्यावर रुसायचं त्यालाच धरून बसायचं, हा तिचा स्वभाव.

मी पोचले तेव्हा गवंडी तिसऱ्यांदा चहा पीत होता.

"आई, होऊ दे की दार."

"पुढे आहे की दार."

"पुढे कुत्रंसुद्धा फिरकत नाही."

"मग हा कुत्र्यांसाठी दुकान काढतोय का?"

गवंड्याने हसू लपवायला कपात तोंड खुपसलं. माझं डोकं फिरलं. "खिडकीखाली केवढी चीर गेलीय, बाहेरून बघितलीस कधी? एक दिवस ती आपण होऊनच रस्त्यात पडेल."

तिने बघितली नव्हतीच. रूळ होते तेव्हा तिकडे जायला बंदी होती, आणि रस्ता झाल्यावर तिने हट्टाने त्यावर पाऊल टाकलं नव्हतं. बाजारातसुद्धा लांबच्या वळणाने जायची.

"थापा मारू नकोस," ती म्हणाली.

"चल, दाखवते."

ती उठली, दारापर्यंत गेली आणि थांबली. "थांब, केस विंचरते."

आम्ही गल्लीला वळसा घालून मागे आलो. ऊन डोक्यावर होतं. मी चीर दाखवायला लागले, पण ती चिरेकडे बघतच नव्हती. रस्त्याच्या पलीकडच्या कडेला जाऊन ती खिडकीकडे बघत राहिली.

"किती लहान आहे गं," ती म्हणाली. मग म्हणाली, "तू आत जा. तिथे उभी राहा आणि डबा देतात तसा हात बाहेर काढ."

"आई, काय पोरखेळ आहे हा?"

"जा म्हणते ना."

मी फणफणत आत गेले. हाताला लागलं ते पातेलं उचललं आणि खिडकीतून पुढे केलं. मला ती उन्हात लख्ख दिसत होती, डोक्यावरचा एकेक पांढरा केस दिसत होता.

"दिसते का मी?" मी ओरडले.

ती जवळ आली. रस्ता खोल गेलेला, त्यामुळे तिला मान वर करावी लागत होती. "जरा पुढे ये. अजून."

"आता काय गज खाऊ?"

"हात दिसतोय," ती म्हणाली. "तोंड नाही दिसत. आत नुसता अंधार आहे."

दिवसा दिवा लावायचा नाही, हा आमच्या घरातला तिचाच नियम. एकदम सगळं माझ्या लक्षात आलं, आणि तिच्या येऊ नये असं फार वाटलं. पण तिच्या ते माझ्या आधीच आलं होतं. तिचा एक हात विंचरलेल्या केसांवर तसाच राहिला होता.

"म्हणजे ह्यांना माझा नुसता हातच दिसायचा," ती म्हणाली. "आणि मी खुळी रोज..."

"बाबांनी सांगायचं तरी."

"सांगतात कशाला? मी हिरमुसले असते." तिने केसांवरचा हात खाली घेऊन उलटसुलट बघितला. "हात मात्र बघायचे हो. एक ओरखडा सुटायचा नाही."

तिने हात वर केला. मी पातेलं ठेवून वाकले आणि माझा हात खाली सोडला, पण भराव गेल्यामुळे मध्ये वीतभर अंतर राहिलं. दोघींनी ताणून बघितलं, नाहीच पुरले. मला बाबांची इतकी आठवण आली की गवंड्याच्या देखत रडू फुटलं.

ती वळसा घालून घरात आली तेव्हा धाकटाही स्वयंपाकघरात येऊन उभा होता.

"फोडा," ती गवंड्याला म्हणाली. मग धाकट्याकडे वळली. "पण या जागी दिवा लावायचा. आणि दिवसा चालू ठेवायचा."

"दिवसा? आई, अगं भर उन्हात दिवा कशाला?"

"दिवसाच," आई म्हणाली. "इथे मी बसणार आहे."