साबणाची डबी म्हणा हवं तर

मी मिलूदाच्या खिशातला कॅमेरा बोलतोय. नाव विचारू नका. अंगावर छापलेलं होतं ते केव्हाच घासून गेलं. इथे सेफ्रू गावात मला सगळे साबणाची डबी म्हणतात. आकार तेवढाच, वजनही जेमतेम तेवढंच, आणि गल्लीतल्या लोकांच्या लेखी मान त्याहून कमी. साबणाने निदान हात तरी धुता येतात.

माझा जन्म कारखान्यातला. एका दिवसात माझ्यासारखे हजारो जन्मले, त्यामुळे जन्माचं कौतुक वगैरे काही झालं नाही. हातमोजे घातलेल्या एका मुलीने माझं भिंग बसवलं, एकदा त्यातून पाहिलं आणि जांभई दिली. जगात मी पाहिलेलं पहिलं माणूस जांभई देत होतं. पुढे जे काही पाहावं लागलं, त्या मानाने ती जांभई फार प्रामाणिक होती.

मला विकत घेतलं सुफियानने. हा मूळचा सेफ्रूचा, अँटवर्पच्या एका गोदामात कामाला, आणि दर ऑगस्टला गाडीच्या टपापर्यंत सामान लादून गावी येणारा. ‘प्रवासाला हलका, रोजच्या वापराला सोपा,’ दुकानदार म्हणाला. सुफियानने ते इतकं मनावर घेतलं की मला क्षणाची विश्रांती दिली नाही. जेवणाचं ताट आलं की आधी मी. ताट गार होई, आई ओरडे, मग तो जेवे. निळं दार दिसलं, काढ फोटो. गाढव दिसलं, काढ फोटो. गावच्या धबधब्यासमोर त्याने स्वतःचे एकशे बारा फोटो काढले. त्यातल्या चारांत धबधबा दिसतो. आणि यातला एकही त्याने पुन्हा उघडून पाहिला नाही. काही लोक नीट बघायचा कंटाळा येतो म्हणून फोटो काढतात, हे माझं मत तेव्हाच पक्कं झालं.

मग कुणीतरी त्याला विचारलं, “एवढासाच कॅमेरा?” झालं! गड्याचं नाक कापलं गेलं. पुढच्या ऑगस्टला त्याच्या गळ्यात एक नवं धूड लटकत होतं, पुढे लोणच्याच्या बरणीएवढं भिंग लावलेलं. मला त्याने जुन्या खोक्यात घालून आत्याला, म्हणजे मिलूदाला, दिलं.

“आत्या, खास तुझ्यासाठी आणलाय.”

खास! तीन वर्षं त्याच्या खिशात किल्ल्यांशी मारामारी करून माझे कोपरे खरवडले होते. मिलूदाने ते ओरखडे पाहिले, त्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “अल्लाह तुला सुखात ठेवो.” दुसरं काही बोलली नाही. तिचं हे मला आवडलं. फार थोड्या लोकांचं मला काही आवडतं, म्हणून मुद्दाम सांगतोय.

मिलूदा बटणं करते. सुईने रेशमाचे वेढे घालत, गाठीवर गाठ मारत एकेक बटण विणायचं आणि कफ्तानला, म्हणजे पायघोळ झग्याला, लावायला शिंप्याकडे पाठवायचं, हा या गावच्या बायकांचा धंदा. ती बसते लल्ला तामोच्या खोलीत. लल्ला हा वयाचा मान. लल्ला तामो ऐंशीची, बटणवाल्यांत सगळ्यात जुनी. चेरीच्या बीएवढं, तसंच गोल आणि घट्ट बटण एकटी तीच करते. मिलूदा अकरा वर्षं तिच्या शेजारी बसून सगळं शिकली. फक्त त्या बटणाची शेवटची गाठ काही तिला आली नाही.

“लल्ला, सांगा ना एकदा नीट,” मिलूदा म्हणायची.

“सांगायला मला ठाऊक असायला हवं ना, पोरी! मला नाही, हाताला ठाऊक आहे. तू बघत राहा.”

पंचेचाळीस वर्षांची पोरगी मग बघत राहायची.

पहिल्याच दिवशी म्हातारीने मला दृष्ट लागू नये म्हणून निखाऱ्यावर हरमलच्या बिया टाकून धूर दिला. तिची भावना चांगली होती, पण धुराचा एक कण आत शिरला तो कायमचा. तेव्हापासून माझ्या प्रत्येक फोटोत वर डाव्या कोपऱ्यात करडा ठिपका येतो. दृष्ट लागली नाही, हे खरं. लागण्यासारखं काही शिल्लकच ठेवलं नाही बाईने.

माझं काम साधं होतं. कुठल्या रंगाशेजारी कुठला रंग लावला हे विसरू नये म्हणून मिलूदा रोज झालेली बटणं बुटक्या मेजावर मांडायची आणि फोटो काढायची. मेज एकच, आणि त्याच मेजाशी लल्ला तामो. त्यामुळे प्रत्येक फोटोत कडेला तिचे हात.

“लल्ला, जरा हात बाजूला घ्या.”

“तूच घे तुझी डबी बाजूला. मी काम करतेय, दिसत नाही?”

खोली अंधारी, खिडकी वीतभर. मला डोळा जरा जास्त वेळ उघडा ठेवावा लागे, आणि तेवढ्यात म्हातारीचा अंगठा इकडून तिकडे जाई. फोटोत बटणं लख्ख आणि शेजारी हा फरकाटा. खरं सांगतो, मला त्या हातांचा राग यायचा. माझी इभ्रत जायची.

मागच्या ऑगस्टला सुफियान धूड घेऊन खोलीत आला. “लल्ला, उंबऱ्यात बसा. उजेडात. हां, हात वर. आता चेरीवालं बटण करा. थांबा! हलू नका! असंच धरा!” लल्ला तामो उंबऱ्यात बसली, गाठ घातली, थांब म्हटलं तिथे थांबली. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी होतं. सुफियानला ते दिसलं नाही. तो त्याच्या बरणीतून बघत होता.

मग त्याने मला उचललं. “आत्या, चौदाशे फोटो? आणि प्रत्येकात हे हात! तेही हललेले. कचरा नुसता. थांब, पुसून देतो.”

“असू दे रे,” मिलूदा म्हणाली.

“अगं, तुला नाही कळत यातलं.”

चहा पीत पीत तो पुसत बसला. महिनेच्या महिने गेले. वार शुक्रवार होता म्हणून वाचलो. नमाज सुटली, कुसकुसचं मोठं ताट आलं, सगळे भोवती बसले, सुफियान हात धुवायला उठला. जेवल्यावर त्याला झोप आली आणि उरलेला ‘कचरा’ माझ्या पोटात राहिला.

हिवाळ्यात लल्ला तामोला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, जीभ तर जास्तच चालू लागली. पण उजवा हात गेला. तिच्या नातीचं, इत्तोचं, लग्न ऑगस्टमध्ये ठरलेलं. म्हातारीने तिच्या कफ्तानला चेरीची बटणं लावायला सुरुवात केली होती. गळ्यापासून कमरेपर्यंत झाली होती. पुढे नुसता काठ. मांडीवर कफ्तान घेऊन ती त्या हाताकडे बघत बसे.

“मग अंगठा असा... नाही. आधी दोरा... अगं, हे हलल्याशिवाय मला कसं आठवणार?” एवढं म्हणून ती रडली. अकरा वर्षांत मिलूदाने तिला रडताना पाहिलं नव्हतं. मीही नाही.

मिलूदाने सुफियानकडून त्याने उंबऱ्यात काढलेले फोटो मागवले. ते आले ऐटीत, परातीएवढे. तिकडे कुठल्याशा प्रदर्शनात भिंतीवर लागले होते म्हणे. प्रत्येक सुरकुती मोजून घ्यावी असे. मिलूदाने ते समोर ठेवून दोन दिवस खपून तसंच बटण केलं आणि दातात धरून ओढलं. सुटलं. पुन्हा केलं. पुन्हा सुटलं.

लल्ला तामो हसत सुटली. “ते बघून करतेस? अगं, ती खोटी आहे! परक्याच्या डोळ्यांदेखत खरी गाठ घालतं का कुणी? माझ्या आईने मला आधी खोटी शिकवली, मग खरी.” हसता हसता तिचं तोंड उतरलं. “पण मला काय ठाऊक, खरी दाखवायला हातच उरणार नाही.”

तेव्हा मिलूदाने मला खिशातून काढलं. माझ्यासमोर म्हातारीने कधी खोटी गाठ घातली नव्हती. साबणाच्या डबीपुढे कोण कशाला नाटक करील?

पुसून उरलेले फोटो एकेक करून तिने मोठे करून पाहिले. सुईचं टोक कुठे, दोरा कुठल्या बोटावर, सगळं हळूहळू लागत गेलं. शेवटच्या वळणापाशी अडलं. त्या वळणाचा एकच फोटो उरला होता आणि त्यात अंगठा नव्हताच. नुसता फरकाटा होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बटणांवर नजर रोखून बसलो होतो मी, शिष्टासारखा. आता काय दाखवू तिला?

मिलूदाने मला उजेडात तिरकं धरलं. बराच वेळ बघितलं. मग स्वतःचा अंगठा उचलला आणि त्या फरकाट्यावरून, तो जसा गेला होता तसा, खालून वर आणि डावीकडे नेला.

“लल्ला, अंगठा खालून येतो! दोरा घेऊन खालून येतो!”

“खालून,” लल्ला तामो म्हणाली. “हो. खालूनच येतो मेला.”

मिलूदाने बटण केलं. म्हातारीने ते दातात धरून मान हिसडली. सुटलं नाही. तिने मला डाव्या हातात घेऊन तो फोटो पाहिला आणि म्हणाली, “हात चालूच होता, तर तो हललेलाच दिसणार. त्या पोराला एवढं कळू नये?”

कळलं तर मलाही नव्हतं.

हिनाच्या, म्हणजे मेंदीच्या, दुपारी इत्तो कफ्तान घालून बसली. गळ्यापासून पावलांपर्यंत चेरीची बटणं. सुफियान धूड सावरत पुढे आला आणि बरणी बटणांजवळ नेऊ लागला. लल्ला तामोने खुर्चीतूनच डावा पंजा मधे घातला.

“नवरीचे काढ, पाहिजे तेवढे. बटणांचे नाही. त्यांचे आमची डबी काढते.”

आज माझं झाकण अर्धंच उघडतं आणि बॅटरी चहा होईपर्यंतसुद्धा टिकत नाही. फार दिवस काढीन असं वाटत नाही. मागणं एकच आहे. त्या दुपारी मिलूदाने बटणांचा फोटो काढला, पण तो बाहीने डोळे पुसता पुसता. फोटो हललाय. नवरी ओळखू येत नाही, बटणं तर नाहीतच, ठिपका मात्र जागेवर आहे. सुफियान अजून आठवडाभर इथेच आहे आणि त्याला रिकामा वेळ फार. तेवढा एक फोटो त्याला पुसू देऊ नका.