चार नंबरच्या खोलीतले पाहुणे

दर वर्षी डिसेंबर सरता सरता आत्मारामशेठ आपल्या रिसॉर्टमधल्या माणसांना काहीतरी वस्तू वाटत. दिवाळीचा बोनस वेगळा, तो ठरलेला. ही वस्तू म्हणजे शेठची हौस. एका वर्षी भिंतीवरची घड्याळं झाली, एका वर्षी स्टीलचे डबे, एका वर्षी चक्क छत्र्या. प्रत्येकावर रिसॉर्टचं नाव आणि फोन नंबर छापलेला. बागेचं काम बघणारा दादू एकटा राही. त्याने आपलं घड्याळ गोठ्यात लावलं होतं आणि कुणी विचारलं तर सांगे, "आमच्या म्हशीची वेळेवाचून फार अडचण होत होती."

यंदा मात्र शेठनी सगळ्यांना माडाखाली बोलावलं आणि म्हणाले, "दर वेळी मी माझ्या मनाने आणतो आणि तुम्ही पाठीमागे हसता. मला कळतं सगळं. यंदा तुम्हीच सांगा. कुकर की ब्लँकेट?"

"कुकर!" स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आलेली दमयंती पहिल्यांदा ओरडली. तिच्या मागोमाग आणखी चार-पाच जण कुकरवर आले.

विमल मागे उभी होती. खोल्या झाडायच्या, पलंग घालायचे, न्हाणीघरं धुवायची हे तिचं काम. रिसॉर्ट सुरू झालं तेव्हापासून ती इथेच होती. सभेत बोलायची तिला सवय नव्हती. पण गेले कित्येक दिवस एक गोष्ट तिच्या मनात घोळत होती, आणि आता नाही बोलले तर पुन्हा वर्षभर तोंड मिटून बसावं लागेल, असं तिला वाटलं.

"शेठ, वस्तू नको," ती म्हणाली. "एक दिवस आम्हाला पाहुणे करा."

"म्हणजे?"

"म्हणजे आम्ही घरच्या माणसांना घेऊन यायचं. पुढच्या दाराने. खोलीत राहायचं, टेबलावर बसून जेवायचं."

सगळे हसले. शेठचा मुलगा ओमकार पुण्याला हॉटेलचं शिक्षण घेऊन आला होता आणि आता रिसेप्शन सांभाळत होता. तो म्हणाला, "मावशी, सगळेच पाहुणे झालात तर काम कोण करणार?"

विमलच्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही."

हसणं थांबलं. शेठच्या शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नी निशिगंधावहिनींनी भुवया वर केल्या. विमलने जीभ चावली. पण शब्द तर बाहेर पडला होता.

"हे एकाएकी कुठून सुचलं गो तुला?" वहिनींनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

"चार नंबरच्या खोलीत येणारा प्रत्येक जण मला विचारतो, गॅलरीतून सूर्य बुडताना कसा दिसतो. मी सांगते, फार छान दिसतो. पण वहिनी, मला पाचची बस असते. मी तो एकदाही बघितलेला नाही. खोटंच सांगत्येय इतकी वर्षं."

शेठनी समुद्राकडे नजर वळवली. मग म्हणाले, "एकतीस तारखेची गर्दी होऊन जाऊ दे. तोवर तुम्ही आपसांत ठरवा. सगळे एका तोंडाने म्हणालात तर बघू. एक जरी कुकर म्हणाला तरी कुकर आणणार."

सभा मोडली आणि दमयंती विमलवर उखडली. "चांगला कुकर मिळत होता तो घालवलास! माझ्या लेकीच्या संसाराला झाला असता. आणि मी पलंगावर लोळायचं, नि माझ्या चुलीशी दुसऱ्याने धुडगूस घालायचा? न्हाय जमायचं."

दादूनेही मान हलवली. "मी कोणाला आणू? म्हशीला?"

विमलला घरी जाताना वाटलं, उगाच बोलले. तिचा नवरा रघू मुंबईला नोकरीला होता. त्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "शेठने कामावरून काढलं नाही ना? मग झालं." सासू गंगुबाई मात्र ऐकत होती. ती म्हणाली, "बोललीस ते बरं केलंस. आता मागे सरू नको."

मग आली ती वर्षअखेरची गर्दी. गाड्या रस्त्यापर्यंत उभ्या. वाढपाला म्हणून रत्नागिरीहून यायची होती ती पोरं ऐन एकतीस तारखेला आलीच नाहीत, फोनही उचलेनात. विमलने खोल्या आटोपल्या आणि न सांगता पदर खोचून जेवणघरात शिरली. दादूने बागेचा पाइप टाकून पाण्याचे जग उचलले. दमयंती तर सकाळपासून तव्यासमोरून हलली नव्हती. एकामागून एक ताटं जात होती आणि रिकामी होऊन येत होती.

दुपार कलल्यावर गर्दी जरा ओसरली. विमल स्वयंपाकघरात गेली तेव्हा दमयंती ओट्याला टेकून, उभ्यानेच, पातेल्यातला गार भात डावाने खात होती.

विमलने तिच्या हातातून पातेलं काढून घेतलं. स्टूल ओढलं. "बस आधी." तिने ताट घेतलं, भात गरम केला, एक सुरमईचा तुकडा तव्यावर टाकला, वाटीत सोलकढी ओतली आणि ताट दमयंतीच्या पुढ्यात ठेवलं.

दमयंती ताटाकडे बघत राहिली. "लग्न झाल्यापासून," ती म्हणाली, "माझ्यापुढे कोणी असं ताट ठेवल्याचं मला आठवत नाही गो."

"जेव. गार होईल."

ती सावकाश, चवीने जेवली. ताट निपटून पुसलं आणि बोटं चाटत म्हणाली, "कुकर लेकीला मी माझ्या पैशाने घेईन. पण वहिनींना सांग, सोलकढीत पाणी घातलं तर मी ऐकून घ्यायची नाही."

दादूला समजावायचं काम मग दमयंतीनेच केलं. "तू माझ्या घरातला म्हणून ये. माझा भाऊ. झालं?" दुसऱ्याच दिवशी दादू दाढी करून आला.

पहिल्या तारखेला सगळे एका तोंडाने बोलले. शेठ वहिनींकडे बघायला लागले. वहिनी म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघता? सुरमई तळायला शिका."

संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात रिसॉर्ट एक दिवस बाहेरच्यांना बंद ठेवलं. दुपारी पुढच्या दारात ओमकार कडक इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता. विमलने ठेवणीतली मोरपिशी साडी नेसली होती. सवयीने तिची पावलं मागच्या दाराकडे वळली, तशी गंगुबाईने तिचा दंड धरला. "तिकडे कुठे? पाहुणी ना तू?" आणि म्हातारी स्वतःच ताठ मानेने पायऱ्या चढून गेली. ओमकारने हातातली पिशवी मागितली तर म्हणाली, "घे, पण जपून. लाडू हायत."

चार नंबरचं दार उघडलं. खोली तीच होती, पण विमलला ती वेगळीच वाटली. हातात केरसुणी नव्हती, म्हणून असेल. पलंग वहिनींनी घातला होता. चादर एका बाजूला वीतभर लोंबत होती. विमलचे हात शिवशिवले. तिने ते मागे बांधून घेतले. न्हाणीघरात डोकावून बघितलं तर टॉवेल नव्हते.

ती फोनकडे गेली. नऊ दाबायचं, हे तिने हजारोंना सांगितलं होतं. आज स्वतः दाबलं.

"रिसेप्शन," ओमकारचा आवाज आला.

विमलने घसा साफ केला. "चार नंबरमधून बोलत्येय. आमच्याकडे टॉवेल नाहीत. आणि चादर नीट घालून द्या."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "हो मॅडम. आलोच."

तो खरंच धावत आला. टॉवेल ठेवले, गादी उचलून चादर खोचली, घामाघूम झाला. जायला निघाला तशी विमलने बटव्यातून पन्नासची नोट काढून पुढे केली. ओमकारने आधी हात मागे घेतला. तिच्या तोंडाकडे बघितलं. मग नोट कपाळाला लावून खिशात घातली आणि म्हणाला, "माझी पहिली टीप." दोघंही हसत सुटले. गंगुबाई पलंगावर बसल्याबसल्या उसळून गादीचा अंदाज घेत होती.

जेवणघरात खाली तमाशाच चालला होता. शेठनी पहिली सुरमई करपवली होती. दमयंती तीनदा स्वयंपाकघरात घुसली आणि तीनदा वहिनींनी तिला खांद्याला धरून खुर्चीवर आणून बसवलं. "पाहुण्यांनी आत यायचं नाही, तुम्हीच पाटी लावलीय ना दारावर?" सोलकढी आली. सगळे थबकून दमयंतीच्या तोंडाकडे बघायला लागले. तिने एक घोट घेतला, डोळे मिटले, आणि वाटी पुढे केली. "आणखी."

दादू भात वाढणाऱ्या शेठना सारखा "बस, बस" म्हणत होता आणि शेठ वाढतच होते.

उन्हं उतरल्यावर विमल गॅलरीत आली. तिथली वेताची खुर्ची तिने रोज पुसली होती. आज ती तीत बसली, मागे रेलून, पाय लांब करून. पाचची बस वरच्या रस्त्याने हॉर्न वाजवत गेली. तिने मान वळवूनसुद्धा बघितलं नाही.

सूर्य समुद्राला टेकला तेव्हा मोठा, केशरी झाला होता. लांबवर एक होडी होती, ती काळी दिसायला लागली. पाण्यावरून एक तांबडा पट्टा थेट किनाऱ्यापर्यंत आला. विमलने रघूला फोन लावला, कॅमेरा समोर धरला.

"दिसतंय का?"

"दिसतंय गो," तो म्हणाला. त्याच्या मागे यंत्रांची घरघर होती. "कुठून दाखवत्येस?"

"माझ्या खोलीतून," विमल म्हणाली, आणि तिचं तिलाच इतकं हसू आलं की फोन हलायला लागला.

सकाळी घावणे, चटणी, चहा झाला. निघताना विमल खोलीच्या दारात उभी राहिली. चादर चुरगळलेली, उशी खाली पडलेली, टॉवेल खुर्चीवर. तिने सगळ्याकडे समाधानाने एकदा बघून घेतलं आणि दार ओढून घेतलं.

खाली शेठ खुर्चीत पाय चोळत बसले होते. "रोज एवढं करता तुम्ही?" ते म्हणाले. वहिनींनीच सांगून टाकलं, "पुढल्या वर्षी याच आठवड्यात. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवत्येय. कुकरबिकरचं नाव कोणी काढायचं नाही."

टाळ्या पडल्या. दादूने तर शीळ घातली. त्याला शीळ घालता येते हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

पुढे महिनाभर गंगुबाईला दुसरा विषय नव्हता. मासळीवालीला, एसटीच्या थांब्यावर, हळदीकुंकवाला, जी भेटेल तिला ती हे सांगायची. दर सांगण्यागणिक सुरमई मोठी व्हायची, गादी मऊ व्हायची. शेवटी शेठ स्वतः छत्री धरून तिला दारापर्यंत सोडायला आले, इथवर गोष्ट गेली. "भर जानेवारीत छत्री?" कोणीतरी शंका काढली.

"आगो, ऊन केवढं होतं!" गंगुबाई म्हणाली. "आणि माझी सून कोण हाय, ठाऊक नाय तुला?"