उतारावर बंद पडलेली टॅक्सी

मित्रांनो, मला लोक जुनी आणि मानाची टॅक्सी म्हणतात. पण टॅक्सीचे काम काय, तर बसलेल्या माणसाला त्याच्या ठिकाणी सुखरूप नेऊन सोडणे. माझ्या पहिल्याच गिऱ्हाइकाला मी अर्ध्या वाटेवर बर्फात टाकले. ती गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म दक्षिण स्वीडनमधल्या एका कारखान्यात झाला. माझ्यासारख्या थोड्याच गाड्या तेव्हा बनल्या होत्या, त्याही विकण्यासाठी नव्हे, तपासून पाहण्यासाठी. माझ्या पोटात दोन जीव होते. एक बॅटरीवर चालणारी मोटर आणि दुसरे पेट्रोलचे इंजिन. गावात मोटर चाले, लांबच्या वाटेवर इंजिन तिच्या मदतीला येई. पण सगळ्यात कौतुक होते ते माझ्या मागच्या दारातल्या सरकत्या फळीचे. बटण दाबले की ती आपोआप बाहेर येऊन जमिनीला टेके आणि चाकांच्या खुर्चीत बसलेला माणूस कोणाचाही आधार न घेता थेट आत येई. ही म्हाताऱ्यांची आणि आजाऱ्यांची गाडी आहे, असे माझे बनवणारे सगळ्यांना सांगत. ते ऐकून मी मनातून फुगून जाई.

पहिल्या उन्हाळ्यात मला स्पेनमधल्या रखरखीत डोंगरांत नेले. दारांना हात लावला तर चटका बसावा, असे ऊन होते. तिथे मी घाट चढले, तासन्‌तास उन्हात उभी राहिले, पण एकदाही कुरकुर केली नाही. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. मला वाटले, आता राहिले काय?

हिवाळ्यात मला उत्तरेला स्टूरविकेन नावाच्या गावी आणले. तिथले तळे इतके गोठते की त्यावर ट्रकसुद्धा चालतात. दर हिवाळ्यात नव्या गाड्या तपासणीसाठी तिथे येतात आणि गावातली अर्धी घरे इंजिनियरांनी भरून जातात. माझा आकार बाहेरच्या कोणाला कळू नये म्हणून माझ्या अंगभर काळेपांढरे पट्टे चिकटवले होते. गावातल्या मुलांनी पहिल्याच दिवशी माझे नाव झेब्रा ठेवून टाकले.

माझी तपासणी हिल्लेवी करत असे. दक्षिणेतल्या शहरातली, कमी बोलणारी, कामात बुडालेली मुलगी. रोज सकाळी ती उघड्यावर गारठलेल्या माझ्यावरचा बर्फ झाडी, मला सुरू करी आणि मी सुरू झाले की हातमोजा काढून माझ्या बॉनेटवर हात ठेवी. माझ्या मागच्या सीटवर माणसांच्या वजनाची वाळूची पोती बांधलेली असत. त्यांना घेऊन मी तळ्यावर चकरा मारी.

गावात खरी टॅक्सी एकच होती. ती सिक्सटेन चालवायचा. पन्नाशीचा, गप्पिष्ट, सतत काहीतरी चघळणारा माणूस. आठवड्यातून तीनदा तो आल्गोतला डायलिसिससाठी किनाऱ्यावरच्या शहरातल्या रुग्णालयात नेत असे. आल्गोत गावच्या शाळेचा जुना स्वयंपाकी. साखरेच्या आजाराने त्याचे पाय गेले होते आणि मूत्रपिंडेही थकली होती. गावातल्या दोन पिढ्या त्याच्या हातचे खाऊन मोठ्या झाल्या होत्या. इथे लहानमोठे सगळे एकमेकांना नावाने आणि एकेरीच हाक मारतात, म्हणून शेंबडी पोरेही त्याला आल्गोतच म्हणत.

एका सकाळी सिक्सटेनच्या टॅक्सीचा गिअरबॉक्स तुटला. दुसरी टॅक्सी शेजारच्या गावाहून यायला फार वेळ लागणार होता. सिक्सटेन आमच्या गॅरेजमध्ये आला आणि हिल्लेवीला म्हणाला, की तुझी झेब्रा अशाच माणसांसाठी बनवली आहे ना, मग आज तिला खरे काम दे.

तपासणीच्या गाडीत बाहेरच्या माणसाला बसवायला बंदी होती. हिल्लेवीला ते ठाऊक होते. तिने माझ्याकडे पाहिले. मी तेव्हा मस्त गुरगुरत उभी होते. माझ्या काट्यावर बॅटरी अर्ध्याहून जास्त भरलेली दिसत होती. तो काटा पाहूनच ती हो म्हणाली.

फळी बाहेर आली आणि आल्गोत खुर्चीसकट आत शिरला. पट्टे बघून म्हणाला, "यात बसलो तर लोक म्हणतील, म्हातारा सर्कशीत भरती झाला."

"दर गुरुवारी तुझी वाटाण्याची आमटी खाऊन आम्ही जगलो," सिक्सटेन स्टिअरिंग हातात घेत म्हणाला, "तूसुद्धा जगशील."

हिल्लेवी पुढे त्याच्या शेजारी बसली. बाहेर उणे चाळीसच्या आसपास थंडी होती. दोन्ही बाजूंना पाइनचे जंगल, मधे पांढरा रस्ता. मी छान पळत होते. पोत्यांऐवजी आज माणूस आहे, या आनंदात होते.

मग लांबलचक उतार लागला. उतारावर पेट्रोल वाचवण्यासाठी इंजिन बंद करायचे आणि सपाटीवर बॅटरीच्या जोरावर पुन्हा सुरू करायचे, अशी माझी रचना. मी इंजिन बंद केले. पण बॅटरीला ऊब देणारी छोटी शेगडी केव्हाच बिघडली होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता. बॅटरी आतून गोठत चालली होती. सपाटीवर आल्यावर मी जोर केला, तर अंगात काहीच नव्हते. इंजिन उठेना. दिवे विझले. मी रस्त्याच्या कडेला घरंगळत गेले आणि थांबले. काटा मात्र शेवटपर्यंत अर्ध्यावरच होता. मित्रांनो, मी त्या माणसांशी खोटे बोलले होते.

हिल्लेवीने पुन्हा पुन्हा बटण दाबले. फोनला रेंज नव्हती. माझ्यातली ऊब बघता बघता निघून गेली आणि काचांना आतून बर्फ धरू लागला. हिल्लेवीने स्वतःचा कोट काढून आल्गोतच्या पायांवर घातला. सिक्सटेनने पिशवीतून मेणबत्ती काढून लावली. इथे हिवाळ्यात मेणबत्ती जवळ असल्याशिवाय कोणी गाडी काढत नाही. एवढ्या हुशार लोकांनी बनवलेली मी, आणि माझ्यात बसलेली तीन माणसे एका मेणबत्तीवर हात शेकत होती. जमीन फाटून मला पोटात घेईल तर बरे, असे वाटत होते.

बऱ्याच वेळाने लाकडे वाहणारा ट्रक आला. आल्गोतला उतरवायचे, तर माझी फळीही विजेवर चालणारी. ती जागची हलेना. जिच्यामुळे मी मिरवत होते, तीच ऐन वेळी दगड होऊन बसली. शेवटी सिक्सटेनने आल्गोतला पाठीवर घेतले. हिल्लेवी आणि ट्रकवाल्याने खालून आधार दिला. वाटेत आल्गोतचा एक हातमोजा पडला, तो घाईत कोणाच्या लक्षात आला नाही.

आल्गोत वाचला. पण त्याच्या डाव्या हाताच्या दोन बोटांना हिमदंश झाला आणि त्यांची टोके कापावी लागली.

मला ओढून गॅरेजमध्ये आणले. पाठोपाठ कारखान्याचे मोठे साहेब आले. पुढच्या हिवाळ्याआधी माझ्यासारख्या टॅक्सी बाजारात यायच्या होत्या. साहेब हिल्लेवीला शांतपणे म्हणाले, की गाडीत माणूस बसवला तो दिवस तपासणीचा नव्हताच, तेव्हा तो अहवालात धरायचा नाही. त्यात तिचेही भले होते, कारण नियम तिनेच मोडला होता. हिल्लेवीने त्या दिवसाची नोंद केली नाही. त्या दिवसापासून ती सकाळी माझ्यावरचा बर्फ झाडी, पण बॉनेटवर हात ठेवत नसे.

काही दिवसांनी सिक्सटेन आल्गोतला घेऊन गॅरेजमध्ये आला. आल्गोतच्या हाताला पांढरी पट्टी होती. हिल्लेवी त्याच्यासमोर मान खाली घालून माफी मागू लागली. त्याने तिला मधेच थांबवले.

"ते राहू दे. परत कधी निघायचं, ते सांग."

"तुला बसवायची परवानगी नाही, आल्गोत. तेव्हाही नव्हती."

"मग कोणाला बसवतेस?"

तिने माझ्या मागच्या सीटवरची पोती दाखवली.

"पोत्याला थंडी वाजते का गं?" त्याने विचारले.

हिल्लेवीचे डोळे भरून आले. ती बाहेर गेली. परत आली ती साहेबांना सोबत घेऊन. मग आल्गोत आणि सिक्सटेनसमोर, माझ्या उघड्या दाराशी उभी राहून ती म्हणाली, "तो दिवस धरायचा. नियम मी मोडला, ते माझ्या नावावर लावा. पण गाडी बंद पडली, हेही त्यात आलं पाहिजे."

साहेबांनी आल्गोतच्या पट्टीकडे पाहिले. मग त्यांनी होकारार्थी मान हलवली.

हिल्लेवीला त्या हिवाळ्यात कामावरून बाजूला केले. टॅक्सी बाजारात आणणे एक वर्ष पुढे गेले. मला उघडून पुन्हा बांधले. इंजिन सुरू करायला वेगळी छोटी बॅटरी बसवली. फळीला हाताने फिरवायची कळ आली. पुढच्या हिवाळ्यात रीतसर परवानगी काढून, सोबत डॉक्टर घेऊन, आल्गोत पुन्हा माझ्यात बसला. सिक्सटेन चालवत होता. तोच उतार आला. इंजिन थांबले, आणि गाडीत कोणी श्वासही घेईना. सपाटीवर आले तशी मी जोर केला आणि इंजिन उठले. सिक्सटेन मोठ्याने हसला. मला हसू आले नाही. आल्गोतच्या हातमोज्याची दोन बोटे टोकाशी रिकामी लोंबत होती आणि माझे लक्ष तिकडेच जात होते.

आता माझ्या धाकट्या बहिणी गावोगाव धावतात. तपासणीच्या गाड्या बहुधा मोडीत काढतात, पण मला कारखान्याच्या दर्शनी दालनात पॉलिश करून उभे केले आहे. पाहुणे येतात. उणे चाळीसमध्ये ही गाडी सहज सुरू झाली, असे त्यांना सांगितले जाते. पाहुणे टाळ्या वाजवतात. इतकी वर्षे त्या टाळ्या ऐकताना मला दिव्यांखाली उभे राहणे नकोसे होई.

गेल्या वर्षी पाहुण्यांच्या घोळक्यात एक पिकल्या केसांची बाई होती. टाळ्या झाल्यावर ती पुढे आली. हिल्लेवी होती ती. त्याआधी काय झालं होतं ते मी सांगते, असे म्हणून तिने मेणबत्तीपासून आल्गोतच्या बोटांपर्यंत सगळे सांगितले, स्वतःची चूकही लपवली नाही. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. जाण्यापूर्वी तिने हातमोजा काढला आणि माझ्या बॉनेटवर हात ठेवला. माझी लाज काही गेली नाही, पण त्या दिवशी पहिल्यांदा ती मला एकटीला वाहावी लागली नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, नवी नवी यंत्रे बनवाल. त्यांचे कौतुक जरूर करा. पण त्याआधी एवढे विचारा, की हे नीट जमेपर्यंत यात कोण गारठले होते? आणि त्याचे नाव लक्षात ठेवा. माझ्या त्या पहिल्या गिऱ्हाइकाचे नाव आल्गोत होते.